शेताचं नाव हाही पुरावाच

इंग्लंडमध्ये पॅरिश म्हणजे मूळचं एका चर्चच्या हद्दीतलं गाव आणि त्याचं शिवार. या शिवारातली रानं आणि शेतांची नावं स्थानिकांनी एकत्रच टिपायला हवीत, कारण सरकारी यादीतून निसटलेल्या रानाचा माग बऱ्याचदा नावातून लागतो. १६०० पासून सलग टिकलेल्या झाडीला तिथे प्राचीन वन मानतात आणि बांधकामाची परवानगी देताना ते विचारात घ्यावं लागतं. पण १९८१ मध्ये सुरू झालेल्या मूळ यादीत दोन हेक्टरांहून लहान रानं सहसा घेतलीच नव्हती. अशा वेळी १८३६ च्या कायद्यानंतर, चर्चच्या दशांशाची रोख आकारणी ठरवण्यासाठी काढलेले नकाशे उघडावेत. त्यांच्या जोडपत्रकात शेताचा क्रमांक, मालक, कसणारा आणि बहुधा नावही सापडतं. आज गव्हाच्या शेताला ‘स्टॉकिंग’ म्हणत असतील, तर झाडं तोडून, खुंट उपटून ती जमीन लागवडीखाली आणली असावी.

नावं फसवतात, हा आक्षेप खराच आहे. ‘वूड’ म्हणवणारी झाडी एकोणिसाव्या शतकात लावलेलीही असू शकते. म्हणून नाव घेऊन रानाच्या कडेनं फिरावं लागतं: जुना बांध, त्याच्या बाहेरचा चर, वारंवार छाटून रुंदावलेले बुंधे, वसंतातली ब्लूबेलची फुलं. खुणा जुळल्या तर दावा पक्का होतो. नाहीतर तो सोडून द्यावा. उपग्रह आहेत की, असंही कुणी म्हणेल. उपग्रहाला झाडांचे शेंडे दिसतात. कुठल्या तुकड्याला काय म्हणतात, ते तिथं राबलेल्या माणसांनाच ठाऊक असतं. ती माणसं आहेत तोवरच ही नोंद व्हायला हवी.