खंडणीची चांदी आणि इनामाचा तोडा

पैंजण, तोडे, जोडवी आणि घुंगरू यांचे काम जेथे घरोघर चालते आणि आटणीच्या मुशीत पडणाऱ्या धातूचा कस ज्यांना नुसत्या नजरेने कळतो, त्या आमच्या हुपरीकरांना चांदीचे वजन समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून इंग्लंडच्या जुन्या इतिहासातील एका आकड्यापासूनच आरंभ करतो. इ. स. 991 मध्ये एथेलरेड नावाच्या राजाने, समुद्रमार्गे आलेल्या उत्तरेकडील हल्लेखोरांनी परत जावे म्हणून, त्यांना 10,000 पौंड चांदी मोजून दिली. त्या काळी एका पौंडाला चांदीच्या 240 पेनी पडत, म्हणजे ही खंडणी 24 लक्ष नाण्यांची झाली. खंडणी घेऊन गेलेला शत्रू खंडणीसाठीच परत येतो हा अनुभव आपल्या मुलखालाही नवा नाही. 994 साली हीच रक्कम 16,000 पौंडांवर, 1002 साली 24,000 वर आणि 1012 साली 48,000 वर गेली.

ही पहिली खंडणी ज्या पराभवानंतर द्यावी लागली, त्या मॉल्डनच्या लढाईवर अँग्लो-सॅक्सन भाषेतील एक वीरकाव्य उपलब्ध आहे. त्याच्या आरंभाची व अखेरची पाने पूर्वीच गळाली होती, आणि मधला भाग ज्या हस्तलिखितात होता ते 1731 मध्ये लंडनच्या अ‍ॅशबर्नहॅम हाउसला लागलेल्या आगीत जळाले. सुदैवाने त्याची नक्कल आधीच कोणी करून ठेवली असल्यामुळे 325 ओळी आज वाचावयास मिळतात. शौर्याची कल्पना इतक्या थोड्या जागेत इतक्या स्पष्टपणे मांडणारे दुसरे काव्य माझ्या तरी वाचनात नाही.

प्रसंग असा. एसेक्स प्रांताचा सुभेदार बिर्टनॉथ, केस पिकलेला पण ताठ कण्याचा पुरुष, खाडीच्या काठी फौज उभी करून आहे. शत्रू समोरच्या बेटावर आहे, आणि बेट व किनारा यांच्यामध्ये भरतीला बुडणारी व ओहोटीला उघडी पडणारी एक अरुंद वाट आहे. शत्रूचा वकील पलीकडून ओरडून सोन्याची वळी मागतो. आम्ही देऊ ती खंडणी भाल्यांची आणि जुन्या तलवारींची, अशा आशयाचे उत्तर सुभेदार देतो. ओहोटी लागते, वाट उघडी पडते, आणि वुल्फस्टान, एल्फहेअर व मॅकस हे तिघे त्या वाटेच्या तोंडाशी उभे राहून साऱ्या टोळीला रोखून धरतात. येथे मराठी वाचकाचे मन आपोआप पन्हाळ्याकडे आणि तेथून विशाळगडाच्या वाटेकडे धावते. पण कथेला लगेच वेगळे वळण लागते. वाट मिळत नाही असे पाहून शत्रू कावेबाजपणे विनंती करतो की, आम्हाला पलीकडे येऊ द्या, मोकळ्या जागी लढू. आणि बिर्टनॉथ, मनाच्या अतिरेकी अभिमानामुळे, ती मान्य करतो. कवीने हा दोष झाकलेला नाही, आणि त्याबद्दल धन्याला दूषणे देत बसण्याचीही त्याला गरज वाटलेली नाही.

बिर्टनॉथ पडतो. गॉडरिक नावाचा एक सरदार, ज्याला धन्याने अनेकदा घोडे बक्षीस दिले होते, तो धन्याच्याच घोड्यावर बसून पळ काढतो, आणि तो घोडा ओळखून लोकांना वाटते की सुभेदारच निघाला, फौज फुटते. उरतात ते मूठभर लोक. त्यांत थोर घराण्यातील तरुण आहेत, डनर नावाचा एक साधा कुणबी आहे, आणि बिर्टवोल्ड नावाचा म्हातारा सेवक आहे. बळ जितके घटेल तितके मन घट्ट झाले पाहिजे, असे तो सांगतो आणि आपण धन्याच्या शेजारीच पडून राहणार असे जाहीर करतो. जय मिळण्याची आशा त्यांच्यापैकी कोणालाही नाही.

मग हे लोक लढतात कशासाठी? त्याचे उत्तर रणांगणावर शोधावयाचे नाही, ते धन्याच्या दिवाणखान्यात सापडते. अँग्लो-सॅक्सन सरदार आपल्या पदरच्या माणसांना मद्य पाजी, वळी, तलवारी, शिरस्त्राणे वाटी, आणि ती घेताना माणसे मोठमोठ्या प्रतिज्ञा करीत. लढाई हा त्या प्रतिज्ञांच्या वसुलीचा दिवस. बेओवुल्फ हे 3,182 ओळींचे महाकाव्य घ्या. त्यातील वृद्ध राजा अग्निमुखी सर्पाशी झुंजत असता दहा सोबती रानात पळून जातात आणि एकटा विग्लाफ पुढे सरसावतो; जाण्यापूर्वी तो त्यांना आठवण देतो ती याच शिरस्त्राणांची आणि तलवारींची. आपल्याकडे ह्यालाच खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतात.

आता आपली खिंड. 1660 च्या मार्चपासून सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला होता. जुलैच्या मध्यास, भर पावसात, शिवाजी महाराज थोड्या लोकांनिशी किल्ल्यातून निसटले. महाराजांच्या वेषात पालखीत बसून मरण पत्करलेल्या शिवा काशीदची कथा ह्याच रात्रीची. पाठलाग जवळ येताच बाजीप्रभू देशपांडे हिरडस मावळातील बांदलांना घेऊन घोडखिंडीत थांबले, आणि महाराज विशाळगडी पोहोचल्याच्या तोफा ऐकू येईपर्यंत खिंड सोडली नाही. अरुंद वाट, मूठभर माणसे आणि धन्याचे ऋण ह्या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच आहेत. तथापि बाजींचे मरण एका निश्चित कार्यासाठी आहे, त्या कार्याची मुदत तोफेच्या आवाजाने ठरलेली आहे, आणि धनी जगावा म्हणून ते आहे. बिर्टवोल्डचे मरण धनी गेल्यानंतरचे आहे आणि त्याने साधावयाचे काहीच राहिलेले नाही. ह्यांतील श्रेष्ठ कोणते असे कोणी विचारल्यास मी निःसंकोच घोडखिंडीच्या बाजूने कौल देईन. पण काव्य म्हणून अधिक बोचते ते मॉल्डन, हेही कबूल केले पाहिजे. परंपरा सांगते की बांदलांना दरबारात मानाचे पहिले पान मिळू लागले. पुढे ह्याच प्रसंगावर सावरकरांनी पोवाडा रचला, तर अरविंद घोषांनी इंग्रजीत दीर्घकाव्य लिहून ते 1910 मध्ये प्रसिद्ध केले.

सिंहगडची कथा मॉल्डनच्या आणखी जवळची आहे. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजी पडताच मावळ्यांचे पाय डळमळले. सूर्याजीने दोर कापून टाकले आणि परतीची वाटच ठेवली नाही, असे परंपरेने चालत आलेले आहे. गॉडरिकच्या जागी सूर्याजी असता तर मॉल्डनला काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. बिर्टवोल्डशी शोभेल असा म्हाताराही आपल्याकडे आहे, तो म्हणजे शेलारमामा. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याने तानाजीची ही मोहीम घरोघर पोहोचविली.

दान घेणारे केवळ शिपाईच नव्हते, कवीही होते. विडसिथ नावाच्या जुन्या इंग्रजी काव्यातील भाट मोठ्या अभिमानाने सांगतो की एका राजाने आपणास 600 नाण्यांच्या तोलाचे सोन्याचे वळे दिले. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासास घोडा व शेरभर सोन्याचा तोडा इनाम मिळाल्याचे आपली परंपरा सांगते. तोड्याची घडण हा ज्या गावाचा नित्याचा उद्योग, त्या गावाला हे इनाम केवढे ते निराळे सांगावयास नको! तिकडे वीणेसारखे तंतुवाद्य, इकडे डफ, तुणतुणे आणि मागून जी जी करणारे झीलकरी. तिकडे प्रत्येक ओळ मध्ये दुभंगून दोन्ही अर्धुके आद्याक्षरांच्या अनुप्रासाने सांधलेली, इकडे चौकामागून चौक चढत जाणारी चाल. ती चाल कोल्हापूरच्या लहरी हैदर आणि पिराजीराव सरनाईक ह्या शाहिरांनी आपल्या काळापर्यंत आणून सोडली. आणि मौजेची गोष्ट अशी की, आपले जुने पोवाडे गोळा करून छापण्याच्या कामी पुढाकार घेणारा मनुष्य इंग्रज होता: मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅक्वर्थ यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह 1891 मध्ये पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि त्यांतील निवडक पोवाड्यांचे इंग्रजी पद्यरूप तीन वर्षांनी काढले. त्यानंतर य. न. केळकरांनी ते काम विस्ताराने पुढे नेले.

बिर्टनॉथच्या त्या अभिमानाचे काय, हा प्रश्न मात्र उरतोच. ज्याच्या शब्दावर शेकडो माणसे मरावयास उभी आहेत त्याला असले औदार्य परवडत नाही, असा ठपका टोल्किन ह्या पंडिताने 1953 मध्ये ठेवला, आणि तो मला रास्त वाटतो. आपल्याकडे असा प्रसंग शोधावयाचा तर गडहिंग्लज तालुक्यात नेसरीस जावे लागते. सरनौबत प्रतापराव गुजर यांनी उमराणीस कोंडलेला बहलोलखान सोडून दिला, खान पुन्हा उलटला, महाराजांचे कडक शब्दांचे पत्र आले, आणि 24 फेब्रुवारी 1674 रोजी प्रतापराव फौजेची वाट न पाहता सहा स्वारांनिशी खानाच्या सैन्यावर तुटून पडले. सातही जण कामास आले. कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे हे सात स्वार शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. औदार्याची चूक येथेही आहे आणि अभिमानही आहे; फरक इतकाच की प्रतापरावांनी त्या चुकीची भरपाई करताना फौज पणास लावली नाही, स्वतःला आणि सोबतच्या सहांना लावले. म्हणून फौज शाबूत राहिली. सरनौबती हंसाजी मोहिते यांस हंबीरराव हा किताब देऊन सोपविण्यात आली, आणि 1680 मध्ये महाराजांनी प्रतापरावांची कन्या जानकीबाई हिला राजारामांसाठी सून म्हणून घरात आणले.