पाटी आणि ताट

वडोदऱ्याच्या उत्तरेचे सावली हे गाव मराठी वाचकांस माहीत असते ते पिलाजीराव गायकवाडांमुळे. १७३२ साली डाकोर येथे त्यांचा घात झाला आणि अंत्यसंस्कार सावलीत झाले. त्यांच्याच गादीवरील सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, त्यात सावलीही आली. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड होई. परंतु दंडाने मूल वर्गात आणता येते, त्याच्या पोटातील आग शमविता येत नाही. शाळेत दुपारचे अन्न सुरू होण्यास त्या प्रदेशात १९८४ साल उजाडावे लागले.

‘हे तर हजेरीचे आमिष, खिचडीने का विद्या येते?’ असे शहाणीसुरती माणसे आजही विचारतात. त्यांनी तनिका चक्रवर्ती व राजश्री जयरामन या अर्थशास्त्रज्ञांचा २०१९ सालचा अभ्यास पाहावा. देशाच्या ग्रामीण भागातील मुलांच्या चाचण्या त्यांनी तपासल्या. पाच वर्षांपर्यंत हे भोजन मिळालेल्या मुलांचे वाचनातील गुण, ते वर्षभरही न मिळालेल्या मुलांपेक्षा १८ टक्क्यांनी व गणितातील ९ टक्क्यांनी सरस ठरले. म्हणजे अन्न अंगी लागते तसेच ते अभ्यासासही लागते. मात्र त्यास वर्षे द्यावी लागतात. एका सत्राचा निकाल पाहून योजनेस नापास करणे हा उतावीळपणा होय.

दुसरे असे की, हे अन्न शिजवून सर्वांस वाढले गेले पाहिजे. १९९५ साली केंद्राने योजना आखली तेव्हा बहुतेक राज्यांनी महिन्याला तीन किलो धान्य घरी धाडून हात झटकले. घरी गेलेले धान्य घरभर वाटले जाणारच! अखेर २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयास शिजवलेल्या अन्नाचा आदेश द्यावा लागला. उत्पन्नाचा दाखला पाहून ताट वाढण्याची सूचना अधूनमधून पुढे येते. पंक्तिप्रपंचाची ही जुनी खोड आपण शाळेच्या ओसरीवर तरी येऊ देता कामा नये. (ताटात काय पडते हा निराळा प्रश्न, पाव-भाजीवर मुलांची बोळवण करणाऱ्या गोव्याने त्याबाबत फुशारकी मारू नये.)

खरी उणीव पुढे आहे. केंद्राची योजना आठवीत थांबते. नववीत गेलेल्या मुलाची भूक कमी होत नाही, अभ्यास मात्र वाढतो आणि शाळा सोडण्याचा मोह याच वयात होतो. तामिळनाडू व कर्नाटक यांनी स्वतःच्या तिजोरीतून दहावीपर्यंत ताट वाढले आहे. सावलीच्या नववीतील मुलासही ते मिळावे, यासाठी केंद्राने आपल्या नियमातील ‘आठवी’ हा शब्द खोडून ‘दहावी’ लिहावा.