दोन औषधांची जोडी प्रयोगशाळेंत कशी पारखतात

गेल्या पावसाळ्यांत आमच्या म्हशीस दगडी झाली. एका औषधानें उतार पडेना, तेव्हां ओळखीच्या एका गृहस्थांनीं दोन औषधें एकदम टोंचलीं. दूध तपासावयास पाठविण्याचें कोणासच सुचलें नाहीं, मलाहि नाहीं. म्हैस वांचली, पण दोन सड कायमचे गेले. एकापेक्षां दोन औषधें बरीं, हा हिशेब जंतूंच्या बाबतींत नेहमींच जुळत नाहीं, असें पुढें चौकशी करितां कळलें. तें शेतकरी बंधूंपुढें ठेवितों.

एकेकट्या औषधास दाद न देणाऱ्या जंतूंवर जोडी चालते कीं नाहीं, हें पाहण्याची रीत रकाने भरण्यांत जन्म गेलेल्या माझ्यासारख्यास सहज समजण्याजोगी आहे. प्लास्टिकच्या लहान तबकडींत ८ ओळी व १२ रकाने, मिळून ९६ खळगे असतात. प्रत्येकांत जंतूंस पोसणारा रस घालतात. एक औषध आडव्या दिशेनें निम्में निम्में होत जातें, दुसरें उभ्या दिशेनें. त्यामुळें प्रत्येक खळग्यांत दोहोंचें प्रमाण निराळें पडतें. कडेच्या खळग्यांत एकेकटेंच औषध असतें, आणि एकांत मुळींच नसतें. मग दर मिलिलिटरास सुमारें ५ लाख जंतु सोडून तबकडी ३५ अंश उष्णतेंत १६ ते २० तास ठेवितात. रस गढुळला तेथें जंतु वाढले. स्वच्छ राहिला तेथें अडले. बिनऔषधी खळगाच गढुळला नाहीं, तर सारी तबकडी रद्द.

आतां हिशेब. समजा, एकटें पहिलें औषध १६ मायक्रोग्रॅम लागत होतें, जोडींत ४ पुरलें, म्हणजे पाव. दुसरें ८ लागे, तें १ पुरलें, म्हणजे अष्टमांश. बेरीज ०.३७५. ही बेरीज ०.५ किंवा कमी आली तर औषधें परस्परांस साह्य करितात, ४ हून अधिक आली तर तीं एकमेकांस मारक, मधलीं उदासीन. मर्यादा इतकी कडक असण्याचें कारण असें कीं, औषध निम्म्यानेंच उतरत असल्यानें एका खळग्याची चूक सहज होते.

एंटेरोकॉकस नांवाच्या जंतूची भिंत पेनिसिलिन खिळखिळी करितें, मग एरव्हीं आंत न शिरणारें जेंटामायसिन आंत शिरतें. ही साह्याची जोडी. उलट, १९५१ सालीं अमेरिकेंत लेपर व डाउलिंग यांस असें आढळलें कीं, न्युमोकॉकसमुळें मेंदूच्या आवरणास सूज आलेल्या रोग्यांस पेनिसिलिनसह ऑरिओमायसिन दिलें असतां, एकट्या पेनिसिलिनपेक्षां अधिक रोगी दगावले. पेनिसिलिन वाढत्या जंतूंसच मारतें आणि ऑरिओमायसिन त्यांची वाढच थांबवितें. मग पेनिसिलिननें मारावें कोणास?

रस स्वच्छ राहिला म्हणजे जंतु मेलेच असें नव्हे. म्हणून कांहीं जोड्यांची २४ तासपर्यंत वेळोवेळीं जिवंत जंतु मोजून पुन्हां परीक्षा घेतात.

आपल्या नेहमींच्या दूधतपासणींत मात्र एकेका औषधाचीच पारख होते, जोडीची नव्हे. त्यासाठीं नमुना पहिली सुई टोंचण्यापूर्वींच घ्यावा. सड पुसून, पहिल्या धारा टाकून, दूध उकळून घेतलेल्या बाटलींत धरावें आणि थंड ठेवून त्याच दिवशीं पशुवैद्यांकडे पोंचवावें.