केळीच्या बागेत बंदूक

यावलहून सातपुड्याच्या दिशेने निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी लागते. दिवसा ही बाग देखणी. पण रात्री एखाद्या संशयिताच्या मागे तिच्यात शिरावं लागलं की तिचं रूप पालटतं. दहा-पंधरा फुटांपलीकडचं दिसत नाही, ठिबकच्या नळ्या पायात येतात, वाळलेली पानं प्रत्येक पावलाची चुगली करतात. केळीच्या खांबाआड लपून गोळी चुकवता येईल असं कुणाला वाटत असेल तर तो भ्रम आहे. खांबात पाणीच जास्त, रायफलची गोळी त्याला जुमानत नाही. मग पलीकडे रात्रीचं पाणी द्यायला आलेला सालदार उभा असेल तर? नेमबाजीच्या पुठ्ठ्यावर दहापैकी दहा गोळ्या मारणाऱ्या पोलिसालाही मैदानावर हा प्रश्न सहसा कुणी विचारलेला नसतो.

या भागात तो विचारायलाच हवा. यावल, चोपडा आणि रावेर हे जळगाव जिल्ह्याचे तिन्ही तालुके उत्तरेला मध्य प्रदेशाला टेकलेले. चोपड्याच्या सीमेपलीकडे बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी हे गाव गावठी पिस्तुलांसाठी अर्ध्या महाराष्ट्राच्या पोलिसांना ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे शस्त्रतस्कराला पकडायला गेलेल्या चोपडा ग्रामीण पोलिसांच्या पथकावर जमाव चालून आला, एका अधिकाऱ्याला पळवून नेण्यात आलं आणि काही तासांनी त्याची सुटका झाली. समोर हत्यारबंद गुन्हेगार, भोवती गावकरी, त्यांत बायका-मुलं, आणि राज्याची हद्द ओलांडलेली. अशा वेळी बंदूक काढणं, न काढणं, काढली तर तिचं तोंड कुठे ठेवणं, हे सगळं प्रशिक्षणात बसायला हवं. आपल्याकडच्या वार्षिक गोळीबार सरावात ते फारसं बसत नाही.

वार्षिक सराव कसा असतो? मुख्यालयाची तुकडी फायरिंग बटवर जाते. ठरलेल्या अंतरावर पुठ्ठे उभे. झोपून, गुडघ्यावर, उभं राहून, हुकमानुसार मोजक्या गोळ्या झाडायच्या. उजेड भरपूर, लक्ष्य स्थिर, हातात वेळ. यातून शस्त्राची ओळख होते, श्वास आणि चाप यांचा मेळ बसतो, आणि एवढ्यासाठी तो सराव आवश्यकच आहे. घोटाळा होतो तो परीक्षेतले गुण म्हणजे तयारी असं मानलं की. रँड या संस्थेने २००८ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबारांचा अभ्यास केला. समोरून गोळ्या येत असताना पोलिसांच्या जेमतेम १८ टक्के गोळ्या लागत होत्या. समोरून उत्तर येत नसतानाही ३० टक्केच. हे सगळे परीक्षा उत्तीर्ण झालेले लोक. एफबीआयने २०१३ मध्ये आपली पिस्तुलाची परीक्षाच बदलली आणि ६० पैकी ४० गोळ्या तीन ते सात यार्डांवर आणल्या. कारण बहुतेक झटापटी हातघाईच्या अंतरावर घडतात.

मैदानावर लागलेल्या सवयी मैदानावरच राहत नाहीत. १९७० च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूहॉल इथे महामार्ग पोलिसांचे चार अधिकारी पाच मिनिटांच्या आत मारले गेले. त्यांपैकी एकाच्या खिशात रिकामी काडतुसं सापडली, कारण सरावात ती जमिनीवर टाकू द्यायचे नाहीत, अशी कथा पुढे प्रशिक्षकांनी अनेक वर्षं सांगितली. नंतरच्या अभ्यासकांनी ती दंतकथा ठरवली. तरी तिने सुचवलेली शंका खोटी नव्हती, आणि त्या घटनेनंतर तिथलं प्रशिक्षण खरोखरच बदललं. आपल्याकडे झाडलेल्या गोळ्यांची रिकामी खोकी मोजून परत जमा करावी लागतात. हिशोब चुकला की चौकशी. हिशोब हवाच, दुमत नाही. पण गोळी झाडल्याक्षणी नजर लक्ष्यावरून उचलून पायाशी पडलेल्या खोक्याकडे वळवण्याची सवय शिपायाला लावू नये. खोकी सगळं संपल्यावर गोळा करावीत. एवढ्या साध्या क्रमाचीही चिंता करतो तो चांगला प्रशिक्षक.

प्रगत प्रशिक्षणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा धडा बोटाचा आहे. निर्णय होईपर्यंत बोट चापावर न ठेवता बाहेर सरळ ठेवायचं. यामागे शरीरशास्त्र आहे. रॉजर एनोका या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की माणूस दचकला, त्याचा तोल गेला, किंवा एका हाताने त्याने काही घट्ट आवळलं, तर दुसऱ्या हाताची बोटंही नकळत आवळली जातात. आता बांधावरून घसरणारा हवालदार डोळ्यांपुढे आणा. डाव्या हाताने त्याने आरोपीची कॉलर धरली आहे, उजव्यात पिस्तूल आहे. बोट चापावर असेल तर गोळी सुटायला त्याच्या इच्छेची गरजच उरत नाही. ‘चुकून गोळी सुटली’ अशा बातम्यांपैकी कितीतरी इथे, नाहीतर शस्त्र खाली करण्याच्या क्रमात जन्म घेतात. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं समजणारे अजूनही आहेत. चेंबरमधली एक गोळी तशीच राहते.

खानदेशात याला आणखी एक पदर आहे. इथल्या पोलिसाच्या हाती झडतीत जे लागतं ते कारखान्यात चाचणी झालेलं शस्त्र नसतं. गावठी कट्ट्याला बहुधा सेफ्टी नसते, असली तर भरवशाची नसते, नुसता खाली पडला तरी उडू शकतो. तो ताब्यात कसा घ्यायचा, तोंड कोणत्या दिशेला ठेवायचं, पंचनाम्यासाठी टेबलावर मांडण्याआधी त्याला कुणी हात लावायचा, हे शस्त्रागारातल्या आर्मोररला माहीत असतं. ठाण्यातल्या रात्रपाळीच्या अंमलदाराला ते कुणी शिकवलेलं असतंच असं नाही.

शिकवणाऱ्याचा विषय निघाला की खानदेशला आपल्याच इतिहासाकडे पाहता येतं. १८२५ मध्ये लेफ्टनंट जेम्स औट्रमने इथे भिल्ल पलटण उभारायला घेतली आणि तिचं ठाणं धरणगावात ठेवलं. तीर-कामठ्यावर ज्यांचा हात बसलेला, त्यांना बंदूक आणि कवायत शिकवायची होती. सुरुवातीला कुणी फिरकेना. रांगेत उभं करून मारतील अशी धास्ती. औट्रम त्यांच्या वस्त्यांत गेला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारी केल्या, मग माणसं आली. १८२७ च्या सुमारास ही पलटण मालेगावला नेली, तेव्हा तिथल्या नियमित फौजेतल्या उच्चवर्णीय शिपायांनी या भिल्ल शिपायांना पानसुपारी दिली असं त्या काळच्या वृत्तांतात आहे. बंदुकीचा सराव महिन्यांत होतो. अविश्वास जायला त्या पानसुपारीची गरज पडली असावी.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, ती सांगायला आपण कचरतो. पलटण मुळात भिल्लांच्याच बंडाव्यांना आवर घालायला होती. १८३१ मध्ये यावल आणि सावद्याच्या भागात लुटालुटीचा तपास करायला याच औट्रमला धाडलं, त्याने शेकड्यांनी लोक पकडले. सेंधव्याच्या घाटात इंग्रजांची रखवाली केलेले खाज्या नाईक १८५७ मध्ये त्याच घाटात सरकारी खजिन्यावर तुटून पडले. हात तयार करणं एक आणि तो हात कुणावर उगारायचा हे दुसरं. १८९१ मध्ये भिल्ल पलटण जिल्हा पोलिसांत विलीन झाली, म्हणजे आजच्या खानदेशी पोलिसाच्या कुळाचा एक धागा धरणगावापर्यंत जातो.

परदेशात प्रशिक्षकांच्या परंपरेत पहिलं नाव घेतात ते शांघायच्या पोलीस दलातल्या विल्यम फेअरबेर्नचं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शांघायच्या गल्ल्या म्हणजे रोजच्या गोळीबाराची जागा, आणि त्या पोलीस दलात आपले शीख शिपाईही मोठ्या संख्येने होते. फेअरबेर्नने स्थिर पुठ्ठे बाजूला सारून अंधाऱ्या खोल्यांचं घर बांधलं. त्यात जिना कुरकुरायचा, लक्ष्यं अचानक पुढे यायची. आज सिम्युलेटर आणि रंगाच्या गोळ्या वापरून जे करतात, त्याची मूळ कल्पना तीच. यावलला सिम्युलेटर नसला तरी केळीची बाग आहे, ओसाड गोदामं आहेत, आणि रिकाम्या, दोनदा तपासलेल्या शस्त्रावर करायचा कोरडा सराव आहे. त्याला एकही गोळी लागत नाही. रोज दहा मिनिटं म्यानातून पिस्तूल काढणं, बोट बाहेर, आवाज देणं, परत म्यान. वर्षातून एकदा झाडलेल्या मूठभर गोळ्यांपेक्षा याने हात लवकर वळतो.

सराव कमी होण्यामागे गोळ्यांचा तुटवडा हे कारण मात्र खरं होतं. २६/११ नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने मुंबई पोलिसांच्या दारूगोळ्याची टंचाई आणि रखडलेला सराव यांवर बोट ठेवलं. त्या रात्री सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर हल्लेखोराच्या एके-४७ ची नळी धरली तेव्हा त्यांच्याजवळ लाठी होती. पुढच्याच वर्षी ‘फोर्स वन’ ही राज्याची खास तुकडी उभी राहिली. उत्तम शस्त्रं, उत्तम सराव, पण मूठभर जवानांचा. तालुक्याच्या ठाण्यापर्यंत त्यातलं किती झिरपलं? यावलहून तापी ओलांडून भुसावळ गाठा, पुढे वरणगाव. तिथला आयुध कारखाना १९६४ पासून रायफलची काडतुसं बनवतो. काडतुसं घराशेजारी तयार होतात आणि सरावाला मोजून मिळतात, ही आमच्या भागाची जुनीच तक्रार म्हणा.

आणि कायदा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ अटकेसाठी लागेल तेवढं बळ वापरू देतं, पण ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यातल्या आरोपीचा जीव घेण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. आता पहा: नुसता कट्टा बाळगणाऱ्याला जन्मठेप नाही, बेकायदा कट्टे बनवणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. बागेत पळणारी सावली गिऱ्हाइकाची की कारागिराची, हे अंधारात कसं कळणार? तो वळून पिस्तूल रोखत असेल तर गोष्ट स्वसंरक्षणाची होते, पाठमोरा पळत असेल तर नाही, आणि हा फरक अर्ध्या सेकंदात ओळखायचा असतो. म्हणून प्रगत अभ्यासक्रमात ‘झाडू नका’ असं उत्तर असलेली लक्ष्यंही ठेवतात: हातात मोबाइल घेतलेला माणूस, विळा घेतलेली बाई.

चकमकीत मृत्यू झाला तर सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१४ च्या निकालानुसार स्वतंत्र तपास होतो, दंडाधिकाऱ्यांची चौकशी होते आणि पोलिसाचं शस्त्र तपासणीसाठी जमा होतं. हा निकाल महाराष्ट्रातल्याच चकमकींवरून लागला. अशा वेळी त्या पोलिसाने शेवटचा सराव कधी केला, कुणी घेतला, त्यात कोणते प्रसंग होते, याची नोंद चौकशीत मागितली जाऊ शकते. ती नोंद नीट ठेवणारा प्रशिक्षक प्रत्येक उपविभागाला मिळावा. त्यासाठी प्रशिक्षक म्हणून झालेली बदली ही अडगळीतली नेमणूक मानणं आधी थांबवावं लागेल. यावल ज्यात येतं त्या फैजपूर उपविभागापासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही.