हत्ती हलतो, शह उंटाचा

परभणीहून पूर्णेकडे निघालेली गाडी पिंगळीवरून जाते. ती ज्या मराठवाड्यातून धावते, त्याचं बुद्धिबळाशी जुनं नातं आहे. इथल्याच पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा धर्मग्रंथ रचला. त्यातला ‘व्यवहारमयूख’ पुढे मुंबईच्या न्यायालयांत प्रमाण मानला गेला, तर ‘नीतिमयूखा’त त्यांनी बुद्धिबळाचा खेळ वर्णिला. धर्मशास्त्री माणसाला या खेळासाठी जागा काढावीशी वाटली, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचं बुद्धिबळावरचं इंग्रजी पुस्तक मुंबईत छापलं गेलं ते 1814 साली. जुन्या हिंदुस्थानी कूटप्रश्नांत शहावर शह देत राजाला फिरवायचं आणि शेवटी प्याद्याने मात करायची, याची मोठी आवड दिसते.

शहांच्या माळेचा सर्वांत देखणा नमुना मात्र 1925 साली मॉस्कोत घडला. मेक्सिकोचा कार्लोस टोरे विशी नुकतीच ओलांडलेला. समोर इमॅन्युएल लास्कर, 1894 ते 1921 अशी 27 वर्षं जगज्जेता राहिलेला. पंचविसाव्या खेळीला टोरेने उंट एफ-6 वर नेला आणि आपला वजीर उघडा टाकला. लास्करने तो मारला. मग हत्तीने जी-7 चं प्यादं मारत शह दिला. काळा राजा कोपऱ्यात गेला. आता हत्ती बाजूला झाला की मागच्या उंटाचा शह आपोआप लागतो, आणि शह असल्यामुळे हत्ती काय खातो याचा हिशेब काळ्याला मागता येत नाही. राजा जी-8 वर परतला की हत्ती पुन्हा जी-7 वर, पुन्हा शह. राजाला एफ-8 ची वाट मिळत नव्हती, कारण तिथे त्याचाच घोडा उभा होता! या फेऱ्यांत हत्तीने एफ-7 चं प्यादं आणि बी-7 वरचा उंट खाल्ला. शेवटी जी-5 वर येऊन वजीरही वसूल केला.

या डावपेचाला पवनचक्की म्हणतात. पुढे काळ्या राजाने एफ-6 वरचा उंट मारला, टोरेने एच-6 चं प्यादं घेतलं. एवढ्या गदारोळानंतर नक्त कमाई तीन प्याद्यांची! तेवढी पुरली, त्रेचाळिसाव्या खेळीला लास्करने डाव सोडला. 1956 साली न्यूयॉर्कमध्ये 13 वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्ध उंट आणि घोड्याच्या जोडीने हीच चक्की फिरवली.

माझ्या मते मुलांना शिकवायला याहून चांगला धडा नाही. पाठांतर लागत नाही. मधलं मोहरं हललं की कोणाची रेघ मोकळी होते, एवढंच पाहायचं. पिंगळीतल्या आणि आसपासच्या शिक्षकांनी वर्गात एक पट मांडावा, पंचविसाव्या खेळीपासूनचा हा डाव लावावा आणि पुढची खेळी मुलांनाच शोधू द्यावी.