जंगलवाटेची हलकी ट्रॉली : एक्सल भारी, पाटे नरम

ट्रॅक्टरची ट्रॉली बनविणारे मिस्त्री आपल्या भागात पुष्कळ आहेत. परंतु जीप किंवा पिकअपला जोडून मुरमाड चढ, धानाच्या बांध्या आणि नाल्यांतून नेण्याजोगी हलकी ट्रॉली कुणी मागितली, की पुष्कळदा मोठ्या ट्रॉलीचाच नमुना लहान करून दिला जातो. गफलत होते ती इथेच.

या कामाला गिऱ्हाईक आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि 2011 मध्ये ग्रामसभेने स्वतःचा बांबू विकला. त्यानंतर गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्त्याच्या व्यवहारात उतरल्या. तेंदूपत्त्याचा हंगाम मात्र उन्हाळ्यातील मोजक्या आठवड्यांचा. त्या दिवसांत एटापल्ली-भामरागडच्या वाटेवर एक्सल मोडला, तर गिऱ्हाइकाचा हंगाम बुडतो आणि मिस्त्रीची साखही जाते.

वजनाचा हिशेब आधी

दुसऱ्या महायुद्धात जीपमागे लहान दुचाकी ट्रॉली असे. चांगल्या रस्त्यावर तिच्यात सुमारे 450 किलो माल भरीत, पण आडरानात फक्त 225 किलो. कच्च्या वाटेवर निम्मा भार, हा धडा आजही खरा आहे.

समजा ट्रॉलीचे स्वतःचे वजन 200 किलो आणि माल 400 किलो, म्हणजे एकूण 600. यांपैकी दहावा हिस्सा, सुमारे 60 किलो, हुकावर यावा. त्यासाठी एक्सल हौद्याच्या मध्यापेक्षा थोडा मागे बसवावा. हुकावर भार कमी पडला तर ट्रॉली शेपटीसारखी हलते. उरलेले 540 किलो एक्सलवर येतात. खड्ड्यात आपटताना हा भार क्षणभर जवळजवळ दुप्पट होतो असे धरून एक्सल, हब आणि बेअरिंग 1000 किलोच्या ताकदीचे घ्यावेत.

पाटे मात्र 1000 किलोचे घेऊ नयेत. ते 540 किलोलाच लवले पाहिजेत. जीपचे जुने पाटे जसेच्या तसे लावले तर हलक्या ट्रॉलीखाली ते लवतच नाहीत. चाके उडतात, माल आदळतो आणि चेसिसचे वेल्डिंग तडकते. अशा वेळी एखाद-दोन पाटे काढावेत, पण डोळ्याचा मुख्य पाटा आणि त्याला आधार देणारा दुसरा पाटा कायम ठेवावा. जाड थोड्या पाट्यांपेक्षा पातळ व जास्त पाटे बरे. ते एकमेकांवर घासतात आणि उसळी आपोआप कमी होते.

रबरी एक्सल की पाटे?

चौकोनी नळीत रबर दाबून केलेला टॉर्शन एक्सल दिसायला सुटसुटीत असतो. त्याला शॅकल नाही, ग्रीस नाही. पण आतले रबर बसले की गावात दुरुस्ती होत नाही, सगळा एक्सलच बदलावा लागतो. पाटा तुटला तर गावातला मिस्त्री दुसरा बसवून देतो. म्हणून डांबरी रस्त्याला रबरी एक्सल चालेल, पण आलापल्लीच्या पुढे जाणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही सरळ एक्सल आणि पाटेच सुचवू.

चाके आणि वेल्डिंग

ट्रॉलीची चाके ओढणाऱ्या गाडीचीच असावीत. एकच स्टेपनी दोघांना चालते. दोन चाकांमधील अंतरही गाडीएवढेच ठेवावे, म्हणजे चाके त्याच चाकोरीत चालतात. पाटे एक्सलवर बसवले तर हौदा उंच होतो, पण एक्सल उंच होत नाही. तो उचलायचा तर चाकच मोठे हवे. हौदा फार उंच केला तर ट्रॉली उतारावर कलंडते.

पाटे चाकांच्या जवळ बसवावेत. बैठक वेल्ड करताना एक्सलच्या लांबीच्या दिशेने करावी. एक्सलच्या तळाला आडवे वेल्डिंग करू नये, कारण ताण तिथेच येतो आणि तडा तिथूनच जातो. खुद्द पाट्याला तर वेल्डिंगची आच लागूच देऊ नये, त्याचे पाणी उतरते.

नाल्यात उतरण्यापूर्वी हब थोडे गार होऊ द्यावेत. तापलेला हब थंड पाण्यात एकदम बुडला की सीलमधून पाणी आत ओढतो. हंगाम संपल्यावर बेअरिंग धुऊन नवीन ग्रीस भरावे.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे मोटारीने ओढली जाणारी ट्रॉलीही वाहनच आहे व तिची नोंदणी लागते. म्हणून बयाणा घेण्यापूर्वीच चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या आरटीओ कार्यालयात नमुना, वजन आणि ब्रेकबाबत विचारून घ्यावे.

शेवटी एक सूचना. ट्रॉली देताना तिच्यावर पत्र्याची पट्टी ठोकून कच्च्या वाटेवरचा भार ठळक लिहावा. गिऱ्हाईक जास्त भरायला मागेल, तेव्हा पट्टीकडे बोट दाखवावे. एखादे गिऱ्हाईक नाराज होईल, पण जंगलात मोडलेल्या ट्रॉलीची बदनामी त्याहून महाग पडते.