सामूहिक वनहक्क आणि ग्रामसभेची संमती : पर्यावरण कायद्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

भारतातील पर्यावरणविषयक कायद्यांची घडण प्रामुख्याने शासनकेंद्री राहिली आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि वन (संवर्धन) अधिनियम, १९८० या तिन्ही कायद्यांत जंगलाचा रक्षक म्हणून शासनयंत्रणेचाच विचार झालेला दिसतो. जंगलावर जगणारा समाज मात्र बहुतांशी निर्बंधांचा विषय ठरला. या भूमिकेत महत्त्वाचा बदल घडविला तो अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ या कायद्याने. या कायद्याने दिलेले संरक्षणाचे अधिकार व्यवहारात कोणत्या अटींवर परिणामकारक ठरतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कायदेशीर चौकट :

हा कायदा केवळ कसणाऱ्याला जमिनीचा पट्टा देणारा आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो अपुरा आहे. कलम ३ अन्वये, गावसमाज परंपरेने ज्या वनसंपत्तीचे रक्षण करीत आला आहे तिचे संरक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क मान्य झाला आहे. कलम ५ त्यापुढे जाते. वने, वन्यजीव, जैवविविधता व जलस्रोत यांना बाधा आणणाऱ्या कृती रोखण्यासाठी ग्रामसभेने घेतलेल्या निर्णयांना या कलमाने कायद्याचे बळ दिले. म्हणजेच येथे हक्क आणि जबाबदारी परस्परांपासून वेगळ्या नाहीत.

मेंढा (लेखा) येथील अनुभव :

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. या हक्कामागे दीर्घ तयारी होती. १९८० च्या दशकातील धरणविरोधी आंदोलनानंतर गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत रुजविली होती आणि अभ्यासगटांतून कायदा समजून घेतला होता.

तथापि, हक्क मिळाल्यावर बांबूचा प्रश्न उभा राहिला. २००६ च्या कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले, तर १९२७ च्या कायद्यातील व्याख्येनुसार तो वृक्ष होता. या विसंगतीमुळे वाहतूक परवाना अडला. तोडलेला बांबू विकता येत नसेल, तर मालकीला अर्थ उरत नाही. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेकडे सोपविण्यात आले. पुढे २०१२ च्या सुधारित नियमांनी परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे दिला आणि २०१७ च्या अखेरीस १९२७ च्या कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला. जंगलाचे उत्पन्न गावाच्या हाती आले की जंगल टिकविण्यात गावाचे प्रत्यक्ष हित निर्माण होते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

संमतीचा प्रश्न :

जंगलाची जमीन खाण वा अन्य प्रकल्पासाठी वळविली जाते तेव्हा या हक्काची खरी कसोटी लागते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकाने अशा प्रस्तावांसोबत ग्रामसभेची संमती आवश्यक ठरविली. ओडिशातील नियमगिरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये हा निर्णय ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला. त्यानुसार भरलेल्या बाराही ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीस नकार दिला आणि जानेवारी २०१४ मध्ये मंत्रालयाने प्रकल्पास वनविषयक मंजुरी नाकारली.

२०२२ च्या वन (संवर्धन) नियमांनी हा क्रम बदलला. वनहक्कांची पूर्तता करण्याची जबाबदारी राज्य शासनावर टाकण्यात आली. मात्र तिचा टप्पा केंद्राच्या अंतिम मंजुरीनंतरचा ठरविण्यात आला. प्रक्रिया सुटसुटीत झाली आणि राज्याचे दायित्व कायम राहिले, असे याचे समर्थन केले जाते. परंतु केंद्राची मंजुरी हाती असलेल्या प्रकल्पाबाबत ग्रामसभेला विचारणे आणि निर्णयापूर्वी विचारणे, यांत मूलभूत फरक आहे. पहिल्या स्थितीत नकाराचे वजन घटते व संमती औपचारिक ठरण्याचा धोका संभवतो.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, लोकसहभागातून पर्यावरणरक्षण साध्य होण्यासाठी केवळ हक्काचा दस्तऐवज पुरेसा नाही. वनोपजावरील नियंत्रण आणि निर्णयापूर्वी नकार देण्याचा अधिकार या दोन बाबी त्यासाठी अनिवार्य आहेत. मेंढा (लेखा) ने पहिल्या बाबीचे, तर नियमगिरीने दुसऱ्या बाबीचे महत्त्व सिद्ध केले. यांपैकी एकही बाब दुर्बल झाली, तर ग्रामसभेकडे जंगल राखण्याची जबाबदारी तेवढी उरेल. ते वाचविण्याचे सामर्थ्य उरणार नाही.